वाफसा नव्हता म्हणून एसटीने उगमाला



श्रावण कसा असतो ते तुम्हाला माहीतच आहे, घडीत ऊन आणि घडीत सर. बुधवारी सकाळी सोयाबीनवर अळीची फवारणी धरली होती. पंप भरायच्या आधीच भुरभुर सुरू झाली. औषध धुऊन जाणार म्हणून थांबलो. नऊ वाजता कडक ऊन पडलं, पण रानात वाफसा नाही, पाय टाकला की घोट्यापर्यंत चिखल. दिवस मोकळा.

आई ७८ वर्षांची. ओट्यावरून म्हणाली, "आरं, काम न्हाई तर मला कृष्णामाई निघती तिथं न्हे की. गुडघं चालत्यात तवर बघू दे."

आमचं गाव वाईच्या पूर्वेला, धोमच्या पाटावर. लग्न होऊन आल्यापासून आई इथंच, पण महाबळेश्वर काही तिने पाहिलं नव्हतं. कारभारीण म्हणाली, "अहो, चला की. आत्या कधी काही मागत नाहीत." दहाच्या एसटीला तिघं निघालो. पंच्याहत्तरीच्या पुढे तिकीट माफ, त्यामुळे आईने नुसतं आधार कार्ड दाखवलं. बायकांना अर्धं तिकीट. पुरे पैसे एकट्या माझेच गेले.

वाईला गाडी बदलली. पसरणी घाट चढताना ऊन होतं. खाली धोमचं पाणी चकाकत होतं, ते आईला खिडकीतून दाखवलं. दोन वळणं गेलो तर धुकं, पुढचा ट्रक दिसेना. पाचगणीला जोरात सर आली, पुढे परत ऊन, आणि महाबळेश्वरला उतरलो तर नुसती झड. दुकानांना प्लास्टिकचे कागद बांधलेले, वाऱ्याने छत्री उलटी होत होती.

महाबळेश्वरला वर्षाला साधारण ६,००० मिलीमीटर पाऊस पडतो, वाईला हजाराच्याही आत. मधलं अंतर जेमतेम ३२ किलोमीटर. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडून वर चढतात, गार होतात आणि माथ्यावरच रिकामे होतात. आपल्याकडे येतं ते उरलंसुरलं. एका एकरावर १ मिलीमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी, आता हिशेब तुम्हीच करा.

स्टँडवरून दुसऱ्या गाडीने क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं. सावित्री कोकणात उतरते. कृष्णा आपल्याकडे येते, धोमला अडते आणि पाटाने आमच्या बांधाला लागते.

पायऱ्या निसरड्या होत्या. कारभारणीने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. आईने गोमुखाखाली ओंजळ धरली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

"हेच व्हय आपल्या पाटाचं पाणी? तुझ्या आबांनी पाळीसाठी कंदील घिऊन राती जागवल्या. त्यांला दावायला पायजे हुतं."

आबांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी काही बोललो नाही, तिची ओली काठी पुसून हातात दिली.

मंडळी, आपण बांधावरचं आभाळ बघून पाऊस मोजतो. पण आमच्यासारख्या पाटावरच्या गावाचा रब्बीचा गहू-हरभरा ठरतो तो त्या झडीत. आवर्तन सुटलं की दारं मोकळी टाकून घरी झोपायला जाणारे प्रत्येक गावात आहेत. त्यांना एकदा त्या पायरीवर उभं करावं, मग टेलच्या शेतकऱ्याला पाणी का पुरत नाही ते वेगळं सांगावं लागणार नाही.

फवारणी शुक्रवारी झाली, दिवसभर चांगली उघडीप मिळाली. आईचे गुडघे दोन दिवस दुखले, तेल लावून बरे झाले. आता ती शेजारणींना बसून सांगतेय.

घरात म्हातारं माणूस असेल तर वाफसा नसलेल्या दिवशी तुम्हीही एसटी धरा. आणि तुमच्या पाटाचं पाणी कुठून येतं, तुमच्यापैकी किती जण बघून आलेत ते कळवा.