दुसऱ्याविषयी मौन, स्वतःविषयी सत्य

रक्तदाबावरील एका औषधाच्या चाचणीत मी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदविले, तेव्हा वहिनींनी विचारले, "दुकान, संसार सारे सुरळीत असताना अंगावर प्रयोग कशाला करून घेता, भावजी?" प्रश्न आपुलकीचा होता. परंतु आज आपण निर्धास्तपणे ज्या गोळ्या घेतो, त्यांच्यामागे कितीतरी अनोळखी माणसांचा सहभाग असतो. त्या ऋणाची अल्पशी परतफेड करावी, एवढाच माझा हेतू होता.

न वाचता सही करू नये, ही व्यापारी घरातील शिकवण येथे उपयोगी पडली. माहितीपत्रक मी दोनदा वाचले. चाचण्यांविषयी आपल्या देशात २०१९ पासून नवे नियम लागू आहेत. त्यांनुसार स्वयंसेवक कोणत्याही टप्प्यावर, कारण न सांगता बाहेर पडू शकतो. चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचाराची व भरपाईची तरतूद आहे. पर्युषणातील उपवासांविषयी मी आधीच विचारले. उपवासाचे दिवस अगोदर कळवावेत आणि गोळी चुकल्यास नोंदवहीत तसे स्पष्ट लिहावे, असे उत्तर मिळाले.

तपासणीच्या दिवशी आम्ही स्वयंसेवक एकत्र बसत असू. पहिल्याच दिवशी समन्वयक बाईंनी चार नियम सांगितले. दुसऱ्याच्या आजाराची गोष्ट बाहेर नेऊ नये. कोणाला औषधाचा सल्ला देऊ नये. कोणाला कोणती गोळी मिळते, याचे तर्क लढवू नयेत. स्वतःला त्रास झाल्यास प्रथम डॉक्टरांना सांगावे.

तिसरा नियम अनेकांना चमत्कारिक वाटला. काहींना नवे औषध मिळते, काहींना प्रचलित. गोळ्या दिसायला सारख्याच. कोणाला काय मिळाले हे ना रुग्णाला ठाऊक, ना रक्तदाब मोजणाऱ्याला. ते कळले तर मनातील आशा-शंकांचा परिणाम मोजमापावर होतो. १९८६ साली अमेरिकेत एड्सवरील ए.झेड.टी. या औषधाच्या चाचणीत काही रुग्णांनी आपले औषध इतरांबरोबर वाटून घेतले. जिवाच्या आकांताने केलेल्या त्या कृतीला दोष देववत नाही. तरीही औषधाच्या गटात १ आणि औषधविरहित गटात १९ मृत्यू, हा फरक स्पष्ट दिसला म्हणूनच चाचणी मुदतीपूर्वी थांबवून सर्वांना औषध देऊ केले गेले. वाटणी सर्रास झाली असती, तर तो फरकच पुसट झाला असता.

पहिल्या नियमाची कसोटी मात्र बाजारपेठेत लागली. आमच्यातील एका गृहस्थांच्या मुलाची सोयरीक चालली होती. मुलीकडील एका परिचितांनी मला बाजूला घेऊन विचारले, "त्यांना दवाखान्यात पाहिले म्हणतात. काही मोठे दुखणे आहे का?" आपल्या समाजात आजाराची वार्ता पसरली की उधारी देणारे हात आखडतात आणि सोयरीक जुळविणारे पाऊल मागे घेतात. "नाही" म्हणणे हेही त्यांच्याविषयी बोलणेच झाले असते. मी म्हणालो, "त्यांच्या प्रकृतीचे त्यांनाच विचारावे." विचारणारे दुखावले, अजूनही थोडे अंतर राखून बोलतात. ती किंमत मला जड वाटत नाही.

मौनाला मर्यादाही आहे. एका वयस्कर काकांच्या पायांना सूज आली होती. शेजारच्याने सांगितले, "दोन दिवस गोळी सोडा, उतरेल." काका डॉक्टरांना सांगायला तयार नव्हते, चाचणीतून नाव कमी होईल, अशी त्यांना भीती होती. मी म्हटले, "काका, रोजमेळात खर्च लपविला तर शिल्लक खरी दिसेल का? तुमची सूज लिहिली गेली नाही, तर उद्या हेच औषध हजारो लोक निर्धास्त घेतील." ते आत गेले. डॉक्टरांनी तपासून नोंद केली, उपचार ठरविला. नावही कायम राहिले.

आपल्यापैकी कोणी अशा सेवेत उतरणार असेल, तर चाचणीची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया' येथे आहे का आणि नीतिमत्ता समितीची मान्यता आहे का, हे अवश्य विचारावे. संमतीपत्राची प्रत घरी ठेवावी. दुसऱ्याच्या दुखण्याविषयी ओठ मिटलेले असावेत. स्वतःच्या नोंदवहीत मात्र एकही ओळ झाकलेली नसावी.