जबानीचे कागद

माझी उमेदवारी आणि पुढली सारी नोकरी फौजदारी न्यायालयाच्या दप्तरात गेल्यामुळे, पडद्यावर न्यायालय आले की मला बहुधा हसू आवरत नाही. परंतु पुण्यातल्या एका चित्रपटमंडळाने दाखवलेला मार्क रोथेमुंड यांचा ‘सोफी शोल : अखेरचे दिवस’ हा २००५ सालचा जर्मन चित्रपट पाहताना मी पहिल्या जबानीलाच खुर्चीत सावरून बसलो.

१८ फेब्रुवारी १९४३ रोजी म्युनिक विद्यापीठात हिटलरच्या राजवटीविरुद्धची पत्रके ठिकठिकाणी ठेवून, उरलेला गठ्ठा कठड्यावरून खालच्या चौकात लोटून देणारी एकवीस वर्षांची सोफी आणि तिचा थोरला भाऊ हान्स तेथल्या शिपायाच्या हाती सापडतात. गुप्त पोलिसांचा अंमलदार रॉबर्ट मोर विचारतो, बॅग रिकामी का? ती शांतपणे सांगते, उल्मला घरी जाऊन धुतलेले कपडे आणायचे होते. आणि हे उत्तर इतके घरगुती असते, की मोरसारखा मुरलेला माणूसही तिला सोडून देण्याच्या बेतास येतो. परंतु झडतीत मुद्देमाल मिळतो, हान्सजवळच्या मसुद्यावरून क्रिस्टोफ प्रोब्स्ट या साथीदाराचे नाव निघते, हान्स कबुली देतो; आणि ते कळताच सोफी दोष स्वतःकडे ओढून घेऊ लागते.

आरोपीची जबानी पानागणिक मवाळ होत जाते, हे मी असंख्य मिसलींत वाचले आहे. येथे ती पानागणिक ताठ होत जाते. भावाच्या सांगण्यावरून वागलेत एवढे म्हणा, अशी वाट मोर स्वतः दाखवतो, तेव्हा युलिया येंच ही अभिनेत्री ना आवाज चढवते, ना मान खाली घालते; ती केवळ नाकारते.

पुढे बर्लिनहून खास आलेला रोलांड फ्राइस्लर न्यायासनावरून आरोपींवर ओरडतो, आणि बचावाचा वकील तोंड उघडत नाही. आरोपपत्र, पुकारा, निकालपत्र, सारे यथासांग होते. शिरस्ता न्यायाचे रक्षण करतो तसेच हत्येला कायद्याचा पोशाखही चढवू शकतो, हे त्या यथासांगपणातच मला दिसले. शिक्षेची अंमलबजावणी होण्यास नव्याण्णव दिवस मिळतात अशी सोफीची समजूत असते. सोफी, हान्स आणि प्रोब्स्ट या तिघांचाही शिरच्छेद २२ फेब्रुवारीला, निकालाच्याच दिवशी, होतो.

खेळ संपल्यावर कायद्याचा अभ्यास करणारा एक तरुण म्हणाला, “काका, ही उत्तरे लेखकाने रचलेली वाटतात, जिवावर बेतले असता इतके नेमके कोण बोलते?” मी त्यास सांगितले, की त्या तपासणीचे मूळ कागद पूर्व जर्मनीच्या दप्तरखान्यात दडून होते, जर्मनीच्या एकीकरणाच्या सुमारास ते खुले झाले, आणि चित्रपटाचा मुख्य आधार तेच आहेत. आपले वर्तन समाजाविरुद्धचा गुन्हा होता असे आता वाटते काय, या अखेरच्या प्रश्नावर, आपण राष्ट्राच्या हिताचेच केले आणि परिणाम भोगण्यास तयार आहोत, अशा आशयाचे तिचे उत्तर त्यांत नमूद आहे. जे कागद तिला वधस्तंभाकडे नेण्यासाठी तयार झाले, त्यांतच आज तिची बाजू शाबूत आहे आणि फिर्यादी राजवटच आरोपी ठरली आहे. असा उलटलेला मुकदमा माझ्या साऱ्या नोकरीत माझ्या पाहण्यात आला नाही.