सामानापाशी कोण बसणार?

होळी जवळ आली की माझे हात अजून पुऱ्यांची कणीक भिजवायला शिवशिवतात. आता घरात माणसं मोजकी. त्यांतल्या दोघांना तळलेलं चालत नाही आणि एकाला ते आवडत नाही, तेव्हा पुऱ्या करायच्या तरी कुणासाठी? पण सवय ती सवय! पंचवीसएक वर्षं होळीनंतरच्या रविवारी पहाटे चारला उठून मी पुऱ्या तळल्या आहेत, त्या महाराजबागेतल्या सहलीसाठी.

नागपूरचा वसंत म्हणजे पंधरा दिवसांचा पाहुणा. रजया गच्चीवर वाळत घालाव्यात, आणि त्यांच्या घड्या ट्रंकेत जाईपर्यंत कूलरच्या खसाच्या ताट्यांची चौकशी सुरू व्हावी, इतकाच त्याचा मुक्काम. त्यामुळे हिंडायचं-फिरायचं ते होळीच्या आसपासच. मुलांना सुटी असे, वार्षिक परीक्षा अजून लांब असे आणि ऊनही सोसण्यासारखं असे.

माझं माहेर सातारचं. 1972 साली लग्न होऊन मी महालातल्या वाड्यात आले, तेव्हा इथलं सगळंच मला नवं. आमच्याकडे साखरेच्या गाठी गुढीला बांधायच्या. इथं होळीलाच पोरं त्या गळ्यात घालून मिरवतात आणि संध्याकाळपर्यंत निम्मी माळ पोटात गेलेली असते. 'सांबार आण' म्हटल्यावर मी पहिल्यांदा भांडं घेऊन उभी राहिले होते. इथं सांबार म्हणजे कोथिंबीर! आणि सासूबाई 'मी जातो', 'मी करतो' असं पुरुषासारखं बोलत, त्याची सवय व्हायला तर मला वर्ष लागलं. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो.

तर ती सहल. तेलंगखेडीची बाग होती, अंबाझरी होती, पण तिथं वाघ कुठे? आमच्या घरातली पोरं वाघावर अडून बसलेली. महाराजबाग मूळची भोसल्यांची. 1894 साली इंग्रजांच्या अमदानीत तिथं प्राणिसंग्रहालय झालं. शेजारीच शेतकी कॉलेज, बाजूनं नाग नदी वाहते. पुढे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे तिचा कारभार आला. सीताबर्डीचा एवढा गजबजाट हाकेच्या अंतरावर, पण आत शिरलं की मोठाल्या झाडांची सावली. मोर ओरडतात, माकडं फांद्या हलवतात आणि मधूनच कुठून तरी खोल घशातून आल्यासारखा तो आवाज येतो. तो वाघाचा.

आम्ही लहानमोठी अकरा माणसं, तीन सायकलरिक्षांतून निघायचो. शुक्रवारी तलावावरून, कॉटन मार्केटवरून, लोहापुलाखालून. एका रिक्षात तर माणसांपेक्षा सामानच जास्त. पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, आदल्या रात्री केलेल्या सांबारवड्या, लोणच्याची बरणी, मृगबहाराची संत्री, पाण्यानं भरलेली छागल, फिरकीचा तांब्या, सतरंजी, लहान बाळाचे लंगोट. दहीभाताची एक युक्ती मला आत्याबाईंनी शिकवली, ती इथं सांगूनच टाकते. भात कोमट असताना त्यात दूधच घालायचं आणि वरून चमचाभर विरजण. अकरा वाजेपर्यंत तो डब्यातच बेताचा लागतो, आंबट होत नाही.

बागेत पोहोचलं की चिंचेखाली सतरंजी अंथरायची. आणि मग प्रश्न यायचा, "सामानापाशी कोण बसतं?"

प्रश्न म्हणायचा एवढंच. उत्तर ठरलेलं होतं. पहिल्या वर्षी मी नवी नवरी. म्हटलं, आपल्यावर विश्वास टाकला, बरं वाटलं. दुसऱ्या वर्षी थोरली पोटात होती. मग ती तान्ही, मग धाकटा तान्हा. मग काहीच कारण नव्हतं, तरी मीच. मामंजी, आमचे हे, थोरले भाऊजी, जाऊबाई, नणंद आणि सगळी पोरं पिंजऱ्यांकडे जायची आणि मी माकडांना हाकलत, कावळ्यांना हाकलत, डब्यांची राखण करत बसायची. तासाभरानं पोरं धावत यायची. "काकू, वाघानं एवढी मोठी जांभई दिली!" मी म्हणायची, "हो का?" आणि पुऱ्या वाढायला घ्यायची.

वाचकांना खोटं वाटेल, पण मी आईला पत्रांतून त्या वाघाचं वर्णन कळवत होते. पट्टे कसे, डोळे कसे, येरझारा कशा घालतो. सगळं पोरांच्या तोंडून ऐकलेलं! आई सातारला शेजारणींना वाचून दाखवायची. माझी लेक नागपूरला गेली, तिनं वाघ पाहिला. आता तिला काय सांगणार?

याचं मला फार दुःख होतं असंही नाही. खरं सांगायचं तर त्या तासाभरात घरातलं कुणी मला हाक मारत नसे, हेही एक सुख होतं. पण 1981 साली शाळा सुरू झाल्यावर (आमच्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात) तिसरीतल्या आमच्या थोरलीला बाईंनी 'आमची सहल' हा निबंध लिहायला सांगितला. दहापैकी आठ गुण मिळाले म्हणून संध्याकाळी परवचा झाल्यावर तिनं तो सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. "बाबांनी आम्हाला वाघ दाखवला. मोठ्या काकांनी मोर दाखवला. आजोबांनी संत्री सोलून दिली. आत्या झोपाळ्यावर बसली. आई सामानाजवळ बसली."

सगळे हसले. हे म्हणाले, "बरोबर लिहिलंय की! अगदी जसंच्या तसं." मीही हसले. रात्री भांडी घासताना मात्र डोळ्यांत पाणी आलं आणि राखेचा हात असल्यामुळे ते पुसताही येईना. पोरीचा राग नव्हता हो. तिनं पाहिलं तेच लिहिलं. तेच तर लागलं. उद्या ही मोठी होईल आणि आई आठवायला बसेल, तेव्हा तिला मी दिसणार ती सतरंजीवर, चार डब्यांच्या मधोमध.

आत्याबाई त्या संध्याकाळी ओटीवर वाती वळत होत्या. त्या हसल्या होत्या का, ते काही माझ्या लक्षात नाही. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. नऊ महिने बोलल्या नाहीत.

मग 1982 ची होळी आली. शनिवारी रात्री मी सांबारवड्यांचं सारण भाजत होते, तर आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "उद्या मी येतो."

माझा झारा हातातच राहिला. कारण आत्याबाई या सहलीला कधीच येत नसत. "वाडा उघडा टाकून कसं जायचं? कोणी तरी पाहिजे न घरी," हे त्यांचं दरवर्षीचं उत्तर. म्हणजे आम्ही दोघीही राखणीलाच होतो, एक वाड्याच्या आणि एक डब्यांच्या. माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं. मामंजी म्हणाले, "अगं, घराचं काय?" त्या म्हणाल्या, "कुलूप काहून आणलं मग?"

चिंचेखाली सतरंजी पडली. पुन्हा तोच प्रश्न आला. मी पदर खोचून बसायला वाकले, तोच आत्याबाईंनी आपली मांडी ठोकली. "मी बसतो इथं. तू जाय, वाघ पाहून ये."

"अहो, पण आत्याबाई..."

"जाय म्हटलं न!"

गेले. दहा वर्षांनी गेले. थोरली माझा हात धरून ओढत होती, जणू वाघ तिच्याच मालकीचा. आणि काय सांगू, तो झोपलेला होता! आमच्याकडे पाठ करून. एक मोठी पिवळी पाठ आणि अधूनमधून हलणारं शेपटीचं टोक. मुलांनी टाळ्या पिटल्या, ह्यांनी घसा खाकरून पाहिला, तो ढिम्म. पण मी गजांजवळ उभी राहिले ती राहिलेच. त्याचा श्वास दिसत होता. पाठ वर व्हायची, खाली व्हायची. पोरांनी सांगितलेल्या वर्णनात हे कधीच आलं नव्हतं.

परत आले तर आत्याबाईंनी विचारलं, "कसा आहे?" मी म्हटलं, "झोपलाय. पण फार मोठा आहे हो." त्या म्हणाल्या, "आवाजच मोठा आहे त्याचा." मग थोडं थांबून, "मी आवाजच ऐकला आहे."

हळूहळू कळलं ते असं. 1935 साली चौदाव्या वर्षी त्या लग्न होऊन वाड्यात आल्या. त्या वर्षी सासरची सगळी मंडळी दमणीत बसून महाराजबागेत आली होती. पुरुषमाणसं आणि पोरं उतरली. नव्या सुनेनं वडीलधाऱ्यांसमोर बागेत हिंडायचं नाही, म्हणून ही दमणीतच बसली, फराळाच्या डब्यांपाशी. तिथून त्यांनी आवाज ऐकला. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षं महालात राहून त्या पुन्हा बागेत आल्या नव्हत्या. आणि मघापासून गप्प असलेल्या जाऊबाई एकदम म्हणाल्या, "तू यायच्या आधी सहा वर्षं मी बसत होते बरं!" हेही मला तेव्हाच कळलं. जाऊबाईंबद्दल मनात थोडंसं किल्मिष होतं, ते तिथंच गेलं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्या काळी सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याला काही सांगायची पद्धत नव्हती. पण तोंडातून निघून गेलं, "तुम्ही बसा सामानापाशी. मी आत्याबाईंना घेऊन जाते."

क्षणभर कुणीच काही बोललं नाही. थोरले भाऊजी झाडाकडे पाहू लागले. हे लाल झाले. मामंजींनीच शेवटी चष्मा पुसला, काखेतला 'तरुण भारत' काढला आणि सतरंजीवर बसत म्हणाले, "जा तुम्ही सगळ्या. मला पेपर वाचायचाच आहे." मग आत्याबाईंकडे न पाहताच हळू म्हणाले, "तू पाहिला नाही हे मला बोलली नाहीस कधी."

"विचारलं कधी?" आत्याबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

त्यांचे गुडघे दुखत. आम्ही दोघी सुना दोन बाजूंना. पिंजऱ्यापाशी पोहोचलो तेव्हा वाघ उठून बसला होता. आत्याबाई कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, डोळ्यांत पाणी वगैरे येतं की काय. पण त्यांनी राखणदाराला हाक मारली. "याला जेवायला केव्हा देता, भाऊ?" त्यानं सांगितलं, संध्याकाळी, पण आठवड्यातून एक दिवस काहीच देत नाही. जंगलात कुठं रोज शिकार मिळते? पोटाला विसावा हवा.

"बाप्पा! म्हणजे उपास?" आत्याबाईंचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "सोमवारचा करतो की एकादशीचा?"

पुढची दोन वर्षं तरी त्या प्रत्येक सोमवारी साबुदाण्याची खिचडी खाताना वाघाची आठवण काढत होत्या.

आम्ही परतलो तर मामंजी पेपरात डोकं घालून बसलेले आणि सांबारवड्यांचा डबा उघडा. एक वडी नव्हती. माकडं वरच्या फांदीवर बसून निवांत खात होती. मामंजींना पत्ताच नाही! आत्याबाईंनी डब्यात वाकून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "सोपं नसतं न सामानापाशी बसणं?"

त्यानंतर आमच्या घरी पाळी लागली. एक वर्ष हे, एक वर्ष भाऊजी. कुरकुर झाली, वड्याही पुष्कळ गेल्या. आत्याबाई 1996 साली गेल्या. वाडा गेला, तिथं आता फ्लॅट आहेत. थोरलीला मी अलीकडे तो निबंध आठवतो का विचारलं. म्हणाली, "नाही गं. मला आजी वाघाशी उपासाचं बोलली ते आठवतं."

गेल्या होळीला मुलगा-सूनबाई मला गोरेवाड्याला घेऊन गेले. तिथली सफारी 2021 च्या 26 जानेवारीला सुरू झाली. इथला न्याय उलटा, वाघ मोकळा आणि माणसं गाडीत बंद. मी मनात म्हटलं, बरं झालं, सतरंजी नाही, डबे नाहीत, सगळे एकाच वेळी पाहणार. हरणं झाली, अस्वलं झाली. गाडी वाघाच्या भागात शिरली आणि नेमकं तेव्हाच माझ्या तीन वर्षांच्या नातवाचं पोट ढवळलं. सूनबाई मागच्या सीटवर त्याला मांडीवर आडवं घेऊन, एका हातात पिशवी आणि एका हातात रुमाल धरून खाली वाकलेली. पुढून मुलगा ओरडला, "तो बघा, तो बघा! उजवीकडे!" सगळी गाडी उजवीकडे झुकली. ती बिचारी वर मानसुद्धा करू शकत नव्हती.

मी उठून मागे गेले. गाडी हलत होती, सीटच्या कडांना धरत धरत गेले.

"आई, तुम्ही कशाला आलात? बसा ना, वाघ दिसतोय."

"दे त्याला इकडे," मी म्हटलं. "तू पाहा. माझा पाहून झालाय."