बेचाळिसाव्या दिवसाची अट

बाळंतपण माहेरी, सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी. सरकारी दवाखान्यात मुलगी झाली, वजन सव्वादोन किलो, तिसऱ्या दिवशी घरी. पुढचं काय सांगायचं? शेक-शेगडी, धुरी, आळिवाचे लाडू, न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी. मावशी आल्या की आई पाट मांडायची. आशाताई आल्या की म्हणायची, "आली बघ तपासणीवाली!"

नेमून दिलेल्या दिवशी त्या यायच्याच. काट्याला झोळी लावून वजन, काखेत थर्मामीटर, मग घड्याळ धरून पुरतं मिनिटभर श्वास मोजणं. साठ भरले तर पुन्हा मोजणं. सातव्या दिवशी लेकीचे तळपाय गार लागले. त्यांनी तिला उघडीच माझ्या छातीशी घेववली, वरून गोधडी टाकली आणि एवढ्याशा लेकराला रोज अंघोळ नको म्हणाल्या. आई फुगून बसली.

बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी फॉर्म सहीला पुढे केला. या सगळ्याचे किती मिळतात, विचारलं. सगळ्या भेटींचे मिळून २५०. तेही कार्डावर वजन हवं, जन्मनोंद हवी, लसी हव्यात आणि आज आई-बाळ दोघंही सुखरूप हवीत.

मी बँकेत आहे. पहिल्यांदा वाटलं, बरंच आहे की, कामाचा हिशेब तरी राहतो. मग तोंडून गेलं, "आणि लेकरू राहिलं नसतं तर?"

"मग न्हाई मिळत." झोळीची घडी घालत त्या म्हणाल्या. "पर तिथं जास्तच जावं लागतं की."

ते अजून डोक्यातून जात नाही. मी दिलेलं कर्ज बुडालं म्हणून बँक माझा पगार कापत नाही. रोगी दगावला तरी डॉक्टरचं बिल भरावंच लागतं. आणि जिचं बाळ आधीच अशक्त, तिच्या दारात बाई उन्हातान्हात हेलपाटे घालणार, त्या घरचे पैसे मात्र बुडणार! २०११च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतच ही अट आहे. मी नंतर शोधून वाचली. गावातली शिकवलेली बाई घरोघर जाऊन काय करू शकते, ते डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गडचिरोलीत दाखवून दिलं होतं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. एवढं हाती असताना पैशाला 'सुखरूप'ची अट लावायची बुद्धी कुणाला झाली? निदान भेटीगणिक पैसे द्या.

मी पाचशेची नोट पुढे केली, त्यांनी घेतली नाही. मावशींना आईने साडी नेसवली, वर रोजचे पैसे होतेच. आई अजून म्हणते, पोर धरली ती मावशींच्या हाताने. आणि कंबर धरली की आठवतात त्याही मावशीच. दुसऱ्या खेपेला पहिला फोन त्यांनाच करेन.