पिंपळनेरचा घाट आणि जीपचा आवाज

साक्री तालुक्यातील पिंपळनेर हे पांझरा नदीकाठचे बाजाराचे गाव. दक्षिणेला शेलबारी ओलांडली की ताहाराबाद लागते आणि पश्चिमेला चरणमाळ घाट उतरला की नवापूर. या डोंगरपट्ट्यात आदिवासी बांधवांच्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. पावसाळ्यात चिखलाच्या वाटेवर तेथे चारही चाकांना ओढ असलेली जीपच कामाला येते. महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलिज जीप जुळवायला सुरुवात केली. तेव्हापासून हे वाहन खेड्यापाड्यांच्या ओळखीचे झाले आहे.

आम्ही चौघे कार्यकर्ते मुलांच्या वह्या-पुस्तकांचे गठ्ठे घेऊन अशाच एका जुन्या भाड्याच्या जीपने त्या भागात निघालो होतो. पिंपळनेरजवळ गाडी उचलताना खालून 'टक्' असा आवाज येऊ लागला. गिअर बॉक्स गेला असावा, या शंकेने ड्रायव्हरचा चेहरा उतरला. रोजच्या फेऱ्यांवर त्याचे घर चालते. आठवडाभर गाडी उभी राहिली तर चूल कशी पेटणार?

गावातल्या गॅरेजमधील वयस्क मिस्त्रींनी पाना उचलला नाही. ते म्हणाले, "भाऊ, आवाज कुठून येतो ते राहू द्या. कधी येतो ते आधी सांगा."

त्यांची पद्धत प्रत्येक चालकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. गाडी उचलताना किंवा रिव्हर्स टाकताना एकदाच 'टक्' होत असेल, तर शाफ्टचा क्रॉस झिजल्याचा संशय घ्यावा. वेगाबरोबर वाढणारी 'चिर्र चिर्र' म्हणजे क्रॉस कोरडा पडला आहे. अॅक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना रडका सूर बदलत असेल, तर डिफरन्शियलचे क्राउन-पिनियन किंवा त्याचे बेअरिंग पाहावे. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या बाजूला जातो. त्या वेळी घरघर वाढली तर डाव्या चाकाचे बेअरिंग तपासावे. मागच्या दोन चाकांवर गाडी शांत चालते आणि पुढची चाके जोडताच आवाज येतो, तर दोष पुढच्या शाफ्टमध्ये, पुढच्या डिफरन्शियलमध्ये किंवा ट्रान्सफर केसमध्ये शोधावा.

आणखी एक गोष्ट. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर मात्र जुन्या जीपचे शाफ्ट पिळले जातात आणि गाडी अडखळते. म्हणून चांगल्या रस्त्यावर पुढची चाके सोडून द्यावीत.

मिस्त्रींनी चाकांना दगड लावले, गाडीखाली जाऊन शाफ्ट हाताने पिळून पाहिला. क्रॉस हलत होता आणि टोपणांभोवती तांबूस गंजाची पूड होती. काही शे रुपयांचा क्रॉस बदलला आणि आवाज गेला. गिअर बॉक्स उघडावाच लागला नाही.

पैसा वाचला, पण त्याहून मोठा धोका टळला. घाट उतरताना मागचा शाफ्ट तुटला तर इंजिनाची पकड मागच्या चाकांपर्यंत पोचत नाही, गिअरचा आधार संपतो. काही जुन्या जीपचा हँडब्रेकही त्याच शाफ्टवर चालतो, तोही जातो. मागे बायामाणसे, लेकरे बसलेली असतात.

आपल्यातील अनेक तरुण आज ड्रायव्हर आणि मेकॅनिक आहेत. त्यांनी घाटापूर्वी क्रॉसला ग्रीस आहे का, डिफरन्शियलमध्ये ऑइल आहे का, एवढे पाहावे. नवा आवाज आला तर टेपचा आवाज मोठा न करता गाडी बाजूला घ्यावी.