उजळाईवाडी ते सांबरा

कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीस, बेळगावचा सांबऱ्यास. नकाशावर पट्टी ठेवली तर दोहोंतील सरळ अंतर सुमारे ९६ किलोमीटर भरते. रस्त्याने ते एकशे दहाच्या वर जाते. पहिल्याची धावपट्टी छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली सुरू झाली. दुसरी ब्रिटिश हवाईदलाने १९४२ मध्ये, ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी तयार केली. संकेश्वरच्या व्यापाऱ्यास दोन्ही जवळजवळ सारख्याच अंतरावर. ज्याचे तिकीट स्वस्त, तो विमानतळ त्याचा.

हे अंतर आम्हांस खऱ्या अर्थाने मोजावे लागले ते दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात. बेंगळूरूत माझ्या अक्कांची हृदयशस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ठरली होती. त्यांना मूलबाळ नाही; संमतिपत्रावर सही माझी लागणार होती. उजळाईवाडीस पोहोचलो, तर ढग इतके खाली आलेले की विमान उतरूच शकले नाही. अकराच्या सुमारास ते रद्द झाल्याचे कळले. रात्रीची बस सकाळी सात-आठला पोहोचणार, म्हणजे तो मार्गही बंद. सांबऱ्याहून तीन पंचविसाचे विमान होते. त्यात दोन जागा मिळाल्या. सामान देण्याची खिडकी तासभर आधी बंद होते. हाती उरले तीन तास.

मुदतीच्या हुंड्या-वचनचिठ्ठ्यांत माझी नोकरी गेली. १८८१ चा कायदा वचनचिठ्ठीस मुदतीनंतर तीन दिवसांची सवलत देतो. विमानाच्या खिडकीस तीन मिनिटांचीही सवलत नसते.

भाड्याची मोटार साडेअकराला निघाली. कागल, मग दूधगंगा ओलांडून कोगनोळी. येथे राज्याची हद्द बदलते. रस्तारुंदीकरणामुळे जागोजागी वळणरस्ते आणि पावसाने त्यांचा झालेला चिखल. वेदगंगा तुडुंब होती. निपाणीपर्यंतच एक तास गेला. पुढे तवंदी घाटात मालमोटारींची रांग. स्तवनिधी क्षेत्रावरून जाताना सौ.ने हात जोडले. मी घड्याळच पाहत होतो. संकेश्वरला हिरण्यकेशी ओलांडली आणि मग मात्र गाडी सुसाट सुटली. काकती आली तेव्हा पावणेदोन वाजले होते. मी निश्चिंत झालो.

ती चूक होती. महामार्ग बेळगावपर्यंत नेतो, सांबरा मात्र शहराच्या पलीकडे, पूर्वेस, बागलकोटच्या रस्त्यावर. शाळा सुटलेल्या, बाजार भरलेला. शंभर किलोमीटरना सव्वादोन तास लागले, शेवटच्या पंधरांना पस्तीस मिनिटे. म्हणूनच कोणी मला आता विचारले की कोल्हापूरच्या विमानतळावरून बेळगावच्या विमानतळावर किती वेळात जाता येते, तर मी दोन तास सांगत नाही. पावसाळ्यात तीन सांगतो आणि त्यातला पाऊण तास केवळ बेळगाव शहरासाठी राखून ठेवण्यास सांगतो.

चालक तरुण होता. "साहेब, तुम्ही आत पळा, पेट्या मी आणतो," म्हणाला. दोन वाजून वीस मिनिटांनी आम्ही खिडकीपाशी होतो. भाड्याव्यतिरिक्त दिलेले पैसे त्याने घेतले नाहीत. बहिणीच्या कामाला निघालात, एवढेच म्हणाला.

रात्री आठला दवाखान्यात पोहोचलो. अक्का जाग्याच होत्या.

"सकाळच्या विमानाने येणार होतास ना रे?" त्यांनी विचारले. "जेवलास का काही?"