प्रतीक्षेचे व्याज

ज्या अल्बमची रसिकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली तो अखेरीस प्रसिद्ध होतो, तेव्हा त्याची पहिली सुनावणी निःपक्षपाती वृत्तीने होणे जवळजवळ अशक्य असते. आधीच्या अल्बमच्या प्रत्येक सुरावटीशी आपली कुठली तरी रात्र, कुठला तरी प्रवास, कुठला तरी दुरावलेला स्नेही जोडला गेलेला असतो. मूळ कृतीच्या मुद्दलावर आपल्या आयुष्याचे व्याज चढत जाते, आणि ती सगळी थकबाकी नव्या कृतीने पहिल्याच श्रवणात एकरकमी अदा करावी, असा आपला तगादा असतो. इंडी संगीत आणि इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत या दोन्ही प्रांतांत हा तगादा एकाच वेळी पराकोटीला पोचला तो २०१३ साली.

त्या वर्षी २ फेब्रुवारीला माय ब्लडी व्हॅलेंटाइन या डब्लिनमध्ये जन्मलेल्या समूहाने ‘एम बी व्ही’ हा अल्बम कोणत्याही बड्या कंपनीच्या मध्यस्थीवाचून, स्वतःच्या संकेतस्थळावरून प्रसिद्ध केला, आणि श्रोत्यांच्या गर्दीखाली ते संकेतस्थळच कोलमडले. या समूहाचा आधीचा अल्बम, ‘लव्हलेस’, नोव्हेंबर १९९१ मधला. म्हणजे मध्ये एकवीस वर्षे लोटली होती. एवढ्या अवधीत ‘लव्हलेस’ ही केवळ ध्वनिमुद्रिका उरली नव्हती, तर एका संप्रदायाचा आधारग्रंथ झाली होती. समूहाचा गिटारवादक केव्हिन शील्ड्स गिटार छेडतानाच तिची ट्रेमोलो दांडी हातात धरून ठेवतो, त्यामुळे स्वर आपल्या जागी स्थिर न राहता सतत किंचित वर-खाली झुलत राहतो; त्या झुलणाऱ्या स्वरांच्या थरांखाली त्याचा आणि सहगायिका बिलिंडा बुचरचा कंठ इतका खोल पुरलेला असतो की शब्द हाती न लागता केवळ त्यांची ऊब जाणवते.

पण ‘लव्हलेस’च्या भक्तांना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९९१ साली तसा अल्बम कोणी मागितला नव्हता. अनेक स्टुडिओ बदलत, सुमारे दोन वर्षे खपून तो तयार झाला तो कोणाची अपेक्षा पुरी करण्यासाठी नव्हे, तर शील्ड्सच्या कानात घुमणारा आणि तोवर कोणी न ऐकलेला एक नाद प्रत्यक्षात आणण्यासाठी. त्याच्या अखेरच्या गीताखाली तर चक्क नृत्यगृहातला ठेका चालतो, आणि गिटारचे संगीत व नाचाचे संगीत यांमधली सरहद्द तिथे पुसली जाते. मग जो दुसऱ्या ‘लव्हलेस’ची मागणी करतो, तो पहिल्या ‘लव्हलेस’चे मर्म विसरूनच ती करत असतो.

‘एम बी व्ही’ची नऊ गीते या कसोटीवर ऐकावीत. पहिली तीन जुन्याच प्रदेशात हिंडतात, आणि तेवढ्यावरच थांबलेल्या टीकाकारांनी ‘तेच ते’ असा निवाडा दिला असेल तर तो अपुऱ्या पुराव्यावर दिलेला आहे. मधली तीन हलकी, काहीशी निरावरण आहेत. खरी कैफियत शेवटच्या तीन गीतांत आहे: ‘नथिंग इज’मध्ये एकच आघाती आकृती कंठस्वरावाचून पुनःपुन्हा आदळत राहते, आणि ‘वंडर टू’मध्ये ड्रम-अँड-बेसचा धावता ताल नि एखाद्या विमानाच्या घरघरीसारखा फिरणारा गिटारचा आवर्त असे काही एकमेकांत मिसळतात की ऐकणाऱ्याला पायाखालची जमीन सरकल्याचा प्रत्यय येतो. हे पुढे टाकलेले पाऊल आहे.

पॅरिसच्या डाफ्ट पंक या जोडीची कथा निराळी. टॉमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्टो यांनी २००१ च्या ‘डिस्कव्हरी’त जुन्या डिस्को गीतांचे तुकडे यंत्रात घालून त्यांतून नवा उल्हास घडवला होता. २००५ च्या ‘ह्यूमन आफ्टर ऑल’चे स्वागत मात्र थंडपणे झाले, ‘डिस्कव्हरी’ची झळाळी त्यात नाही, हाच मुख्य आक्षेप. परंतु २००६ व २००७ च्या दौऱ्यांत त्याच गीतांना त्यांनी जुन्या गीतांशी गुंफले, तेव्हा नापास ठरवलेल्या त्याच गीतांवर सहस्रावधी लोक बेभान होऊन नाचले. गीते तीच होती. तगादा तेवढा मागे पडला होता.

मे २०१३ मधल्या ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’मध्ये त्यांनी आपली पद्धतच उलटी केली. ज्या काळाचे तुकडे पूर्वी उचलले, त्या काळातले वादकच त्यांनी स्टुडिओत आणून बसवले: गिटारवर नाइल रॉजर्स, बासवर नेथन ईस्ट. उचललेला तुकडा आता केवळ अखेरच्या ‘काँटॅक्ट’मध्ये उरला. १९७७ साली डॉना समरचे ‘आय फील लव्ह’ जवळजवळ संपूर्णपणे सिंथेसायझरवर उभे करून नृत्यसंगीताचा मार्ग बदलणारा जॉर्जो मोरोडर इथे ‘जॉर्जो बाय मोरोडर’ या गीतात स्वमुखाने आपली हकीकत सांगतो, आणि त्याचे बोलणे संपल्यावर तंतुवाद्ये, ड्रम आणि यंत्र यांचा जो उत्सव उसळतो त्यात या अल्बमचा प्राण आहे. कारागिरीत याची बरोबरी त्या वर्षी क्वचितच कोणी केली. पुढच्या जानेवारीत त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले ते रास्तच होते. तरीही हे संगीत स्मरणाचे आहे. ज्यांनी कधी यंत्राला गायला शिकवले, त्यांनी येथे गतकाळाचा जीर्णोद्धार केला, आणि अप्रतिम केला. परंतु ‘जॉर्जो बाय मोरोडर’ वजा जाता ज्याने हादरून जावे असे मला त्यात फारसे आढळत नाही.

ऑक्टोबरात आलेला आर्केड फायरचा ‘रिफ्लेक्टर’ही या दफ्तरात नोंदवला पाहिजे, कारण इंडीच्या या माँट्रियलकर समूहाने एलसीडी साउंडसिस्टमच्या जेम्स मर्फीला निर्मितीत सहभागी करून हैतीच्या तालांसह नृत्यगृहात पाऊल टाकले. साहस मोठे, मात्र दोन तबकड्यांचा विस्तार त्याला पेलला नाही.

माझा कौल ‘एम बी व्ही’ला आहे. वाचकांना विनंती एवढीच, की तो ऐकण्यापूर्वी काही दिवस ‘लव्हलेस’ कपाटात ठेवावा, आवाज मोठा करावा आणि प्रारंभ शेवटच्या तीन गीतांपासून करावा.